चार फुटांचं उत्तर

बोटभर रुंद, दीड वीत लांब, मधली पट्टी सरकवायला गेलं की अडखळणारी, अशी मी एक जुनी स्लाइड रूल आहे, मित्रांनो. कॅल्क्युलेटर यायच्या आधी गुणाकार, भागाकार, घातांक सगळं लोक माझ्याकडूनच करून घेत. बेरीज मात्र मला कधीच आली नाही.

१९७२ साली चंद्रमोहन मिसियेंनी मला पोर्ट लुईहून आणलं. आमच्या मॉरिशसमध्ये मास्तरांना मिसिये म्हणतात. ते कार्तिए मिलितेरजवळच्या एका गावात राहत आणि मोठ्या मुलांना पहिल्या क्रमाची अवकल समीकरणं शिकवत. एखादी गोष्ट किती वेगाने बदलते आहे ते माहीत असतं; त्यावरून ती पुढे कुठे पोचेल ते काढायचं. चहा कधी निवेल, टाकी कधी भरेल, हे ते फळ्यावर मांडत आणि शेवटचा आकडा मी देत असे. वर्गात कौतुक झालं की मी फुशारून जाई. तेव्हाच कोणी मला जमिनीवर आणलं असतं तर बरं झालं असतं.

१९७८ च्या गणेशचतुर्थीला आमच्या ओढ्यात पाणी फार कमी होतं. आदल्या वर्षी बाप्पाला गुडघाभर पाण्यात आडवं ठेवावं लागलं होतं आणि बायका रडल्या होत्या. म्हणून या वेळी मातीच्या गोण्या रचून पाच फुटांचा बांध घातला. बांधाखाली कोरड्या पडलेल्या सपाट खडकावर झाकरी, म्हणजे ढोलकीच्या तालावरचा आमचा रिंगणनाच, नाचायची, असं ठरलं.

"मिसिये, बांध फुटनार नाय ना?" मंडळाचे प्रमुख हरिलाल यांनी विचारलं.

मिसियेंनी दोन दिवस काठीने पाणी मोजलं. ओढ्याचं पाणी तासाला एक फूट चढायला बघायचं, पण उंची वाढेल तशी गोण्यांमधली गळतीही वाढायची. समीकरण सुटलं, मी आकडा दिला. पाणी चार फुटांच्या वर जाणार नाही. हरिलाल निश्चिंत झाले.

विसर्जनाच्या दिवशी भर दुपारी मिसिये बांधावर आले. काठीवर पावणेपाच फूट दिसत होतं. खाली त्यांचा धाकटा भाऊ देवानंद कमरेला ढोलकी बांधून बांधाकडे पाठ करून वाजवत होता, आणि झाकरीवाले रिंगण धरून नाचत होते.

पाव फूट उरला होता, म्हणजे पंधरा मिनिटं. ते कळायला माझी गरजच नव्हती. पण मिसियेंनी मला खिशातून काढलं आणि आपलं कुठे चुकलं ते शोधत बसले. आकडा वाचायची माझी सरकती काच मागेपुढे होत राहिली. पुन्हा चार आले, तिसऱ्यांदाही चारच. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी किंचाळले असते. दहा मिनिटं गेली.

त्यांची बायको कुसुमावती आरतीचं ताट घेऊन आली. "अवो, की तो पे फेर? काय करताव? काय मोजताव?"

"पानी चढतंय. कसं चढतंय?"

"चढनारच की! सकाळी आमी बायांनी सगळी भोकं बुजवली, चिखल नि केळीची सोपटं घालून. बाप्पाला पानी कमी नको पडाया."

मिसियेंना चूक सापडली. बांध वाचला होता तो गळतीमुळेच. ते ओरडत खाली धावले, "सोर्ती ला! निघा तिथनं! देवानंद, हो बाजूला!" नाचणाऱ्यांनी त्यांचे हात पाहिले आणि ते पळाले. ढोलकीच्या आवाजात देवानंदला काही ऐकू गेलं नाही. वरच्या गोण्या सुटल्या आणि मागोमाग सगळं पाणी आलं.

देवानंद संध्याकाळी पुलाखाली सापडला. ढोलकी अजून कमरेलाच होती.

तेराव्यानंतर कुसुमावतीने विचारलं, "आमच्या चिखलानं तर नाय ना झालं?"

"नाय गं," मिसिये म्हणाले. "पट्टी खराब हाय. आकडा चुकला."

मग त्यांनी मला पत्र्याच्या पेटीत टाकलं. वर्गात कॅल्क्युलेटर आले. गावात अजून म्हणतात, मिसियेंच्या खोट्या पट्टीने सख्खा भाऊ खाल्ला. १९८६ मध्ये भाची इंद्राणीने मला बाहेर काढलं, पडताळून पाहिलं आणि म्हणाली, "मामा, ही तर बरोबर चालते!" मिसियेंनी मला तिच्या हातातून काढून घेतलं आणि पुन्हा पेटीत ठेवलं.

मित्रांनो, गणित सुटलं की उठा आणि जागेवर जाऊन डोळ्यांनी पाहा, मिसियेंसारखे आकड्यात अडकून बसू नका. आणि एक हात जोडून विनंती. तुम्हांला कुठे कुसुमावती काकू भेटल्या, तर पट्टीच चुकली असं सांगा.