पंख्याचं तोंड

धुळ्याबाहेर पारोळा रस्त्यावर सुकदेवचं गॅरेज होतं. वैशाखातल्या भर दुपारी तिथं एक पांढरी एसीची गाडी येऊन थांबली आणि आतून घामाघूम झालेले जीवराम नाना उतरले. सुकदेवनं त्यांना बघताक्षणी ओळखलं. नानांनी मात्र त्याला ओळखलं नाही. मुलीकडच्यांची तोंडं बघायची त्यांना सवयच नव्हती.

"भाऊ, लवकर देख. वारा तोंडवर येस नही, बठ्ठा पायसवर जास. मन्ही पोरनं आज संध्याकायले जळगावले लगीन शे. व्याहीसले लेवाले धुयाले जाई राहिनू. त्या भलता तापट शेतस. वारा नही लागना, ते अर्धी वाटवरथीन मांगे फिरी जातीन!"

सुकदेवला आतल्या आत उकळ्या फुटल्या. देवाच्या घरी न्याय आहे म्हणायचा.

आठ वर्षांपूर्वी त्याच्या थोरल्या बहिणीचं, तानुबाईचं लग्न याच नानांच्या मुलाशी लागत होतं. ऐनवेळी लाइट गेली. जनरेटरवर एकच पंखा चालत होता, तो व्याह्यांपुढं. शालूत गुदमरून तानुबाईला भोवळ यायला लागली, म्हणून सुकदेवनं पंख्याचं तोंड तिच्याकडं फिरवलं. एवढंच. तेवढ्यावरून नाना रुसून बसले. व्याह्यानं रुसायचं आणि मुलीच्या बापानं मनवायचं, ही रीतच आहे आपल्याकडं. पण बापानं पायावर टोपी ठेवली तरी हा माणूस विरघळला नाही. "पोरवाला घाम पुसतस, वारा नही मांगतस," असं मुलीकडच्यांना भरमांडवात बजावून वऱ्हाड घेऊन चालता झाला. हळद लागलेली मुलगी मागं राहिली. तिला पुन्हा कुणी मागणी घातली नाही आणि बाप पुन्हा कुणाच्या लग्नाला गेला नाही.

सुकदेव गाडीत शिरला. पंखा जोरात होता, हवाही गार होती, फक्त पायांकडं जात होती. वाऱ्याची दिशा बदलायची दांडी बोटानं हलवली, तर ती नुसतीच सैल फिरत होती. मग त्यानं डॅशबोर्डखाली मान घातली. दांडीला जोडलेली तार चिमट्यातून निसटली होती आणि वारा वळवणारा आतला पडदा खाली पडून राहिला होता. मिनिटाचं काम. पण तार नुसती अडकवून ठेवली, तर? आत्ता वारा तोंडावर येईल, आणि व्याही गाडीत बसून एरंडोलपर्यंत पोचले, की खड्ड्यात तार पुन्हा निसटेल. बसू दे मग व्याह्याला रुसून! या विचारानं सुकदेवला त्या उकाड्यातही बरं वाटलं.

तेवढ्यात तानुबाई भावाचा जेवणाचा डबा घेऊन आली. बाकावर बसलेला माणूस बघून ती जागीच थबकली.

"बाई, तो पंखा जरा इकडे फिराव ना," नाना रुमालानं मान पुसत म्हणाले.

तानुबाईनं गॅरेजमधल्या एकुलत्या एका पंख्याचं तोंड भिंतीकडं केलं.

"नाना, पोरवाला घाम पुसतस, वारा नही मांगतस."

नानांचा रुमाल मानेवरच राहिला. त्यांनी आधी तिच्याकडं, मग गाडीतल्या सुकदेवकडं पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

तानुबाई गाडीच्या दाराशी वाकली. सुकदेवनं तिला निसटलेली तार दाखवली आणि नाना मुलीच्या लग्नासाठी व्याह्यांना आणायला निघाल्याचं पुटपुटत सांगितलं. भावाला ती पुरती ओळखून होती. "तार पक्की बठाड," ती हळूच म्हणाली. "त्या पोरना काय गुन्हा?"

"आनि याना?"

"याले मी पाही लेसू."

सुकदेवचं मन होईना, पण अक्काच्या शब्दापुढं त्याचं कधीच चाललं नव्हतं. त्यानं तार चिमट्यात गच्च दाबली. दांडी फिरवताच वारा तोंडावर आला.

नानांनी एसीच्या जाळीपुढं हात धरून बघितलं, तरी त्यांचा जीव थाऱ्यावर येईना. "वाटमा काही व्हई नही ना, भाऊ?"

सुकदेव बोलणार, तोच तानुबाईनं त्याला हातानं थांबवलं.

"आते ते वारा बरोबर ई राहिना, नाना. व्याही बठतीन, मंग कोठे जाई, ते कोन सांगी?"

नानांनी टोपी काढली आणि तिच्या पायांशी ठेवली. तानुबाईनं टोपीकडं नीट पाहिलं.

"मन्हा बापनी बी ठेयेल व्हती," ती म्हणाली, आणि पाय मागं घेतले.

नानांनी टोपी उचलली. थांबायला वेळ नव्हता. गाडी धुळ्याकडं निघाली तेव्हा त्यांचा एक हात स्टेअरिंगवर होता आणि दुसरा एसीच्या जाळीपुढं. तानुबाईनं पंखा भावाकडं फिरवला आणि डबा उघडला.