माझी उडी कमी झाली तेव्हा

मी एक जुना काचेचा मणी आहे. मोहरीपेक्षा जरा मोठा, अंगाला काळा रंग. डनीडिन शहरातल्या एका प्रयोगशाळेत लाखो बिनरंगी भावंडांसोबत मी उंच घसरंडीवरून कोसळत असे. गर्दीत नजर ठेवता यावी म्हणून मला तेवढे रंगवले होते. त्याचा मला भारी तोरा होता.

मित्रांनो, कोसळताना आम्ही एकमेकांवर आपटतो आणि दर वेळी थोडा जोर गमावतो. कोण कुठे उसळेल हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही. तरी तिथली संशोधक विद्यार्थिनी मालिया कागदावर गणित मांडायची आणि सगळ्या घोळक्याची चाल आधीच सांगायची! हवेच्या कणांसाठी रचलेले गणित तिने आम्हाला लावले होते. आमच्या उसळण्याच्या धांदलीला ती चक्क 'तापमान' म्हणे, मग आम्ही गारठलेले असलो तरी. ते ऐकून मी थक्क झालो होतो, आजही होतो.

मालियाचा भाऊ सेफो दक्षिणेच्या डोंगरात रस्त्याच्या कामावर होता. तिथल्या कामगारांच्या मुक्कामाच्या डोक्यावरच सुट्या दगडांचा उतार होता. तिथे आडवी भिंत कशी बांधायची, हे मालिया आणि तिचे प्राध्यापक ग्रेम ठरवणार होते. गणित म्हणे, दगड विरळ होऊन उंच उसळतील. भिंत उंच हवी, बारीक चालेल. दगडांच्या जागी घसरंडीवरून सोडलेले आम्ही मात्र दाटीवाटीने खालूनच आलो आणि तळाशी उभ्या केलेल्या नमुन्याच्या भिंतीचा पायाच उखडला.

"घसरंडीतच काहीतरी खोट असेल," दहाच्या चहाला ग्रेम बिस्कीट बुडवत म्हणाले. "गणित खोटं बोलत नाही, पोरी."

"त्या भिंतीमागे माझा भाऊ झोपणार आहे, ग्रेम. तुमचं बिस्कीट नाही."

ग्रेमच्या हातचे बिस्कीट चहात बुडाले. मालियाने चिडून हातातला मणी, म्हणजे मला, बशीवर टाकले. मी पूर्वीसारखा उडालोच नाही. तिने पुन्हा टाकले, मग पाकिटातला कोरा मणी टाकला. तो टणकन उडून टेबलाखाली गेला. मला फार लाज वाटली.

"गणितात आपण उडी कुणाची धरली?" तिने विचारले.

"नव्यांची. आणल्या दिवशी मोजलेली."

"आणि घसरंडीवर हे ओरखडलेले म्हातारे! डोंगरातले दगड तर याहून ओबडधोबड."

"गाढव आहे मी," ग्रेम उठलेच. "चल, पुन्हा मोजू."

आमची खरी उडी घालताच गणित घसरंडीशी तंतोतंत जुळले. एवढ्याशा उडीने केवढा लोट बदलला! डोंगरात बुटकी, जाडजूड भिंत उभी राहिली. बर्फ वितळायच्या दिवसांत उतार खरोखरच कोसळला. दगड भिंतीच्या पायाशी थडकले आणि तिथेच थांबले.

सेफो मुद्दाम मला भेटायला आला. "हाच का तुझा म्हातारा?" म्हणून हसला आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले.

मित्रांनो, जुन्याला फेकू नका, आणि नव्याच्या मापाने मोजूही नका. दर नव्या गणिताआधी मालिया मला बशीवर सोडते. मी जमेल तेवढाच उडतो, आणि ती तेवढेच मांडते.