पत्र्यावरची टकटक

मित्रांनो, या, जवळ या. हात लावलात तरी आता भाजणार नाही. गॅरेजच्या कोपऱ्यात, बर्फ उपसायच्या फावड्याशेजारी मी उभी आहे आणि कायमची थंड झाले आहे. भट्टी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे चणे-फुटाण्यांची भट्टी आली असेल. मी तसली नव्हे. मी घर ऊबदार ठेवणारी गॅसची जुनी भट्टी. अंग पत्र्याचं, उंची माणसाच्या छातीएवढी, आणि सगळा जन्म तळघरात गेला. अमेरिकेतल्या या मिनेसोटाच्या हिवाळ्यात दाराची कडी हाताला चिकटते. अशा ठिकाणी माझ्यावाचून घराचं पान हलत नाही.

एका मोठ्या कारखान्यात मला घडवलं. माझ्या पोटात पोलादाची एक पेटी बसवली. पेटीच्या आत ज्योत आणि तिचा विषारी वायू, पेटीच्या बाहेरून घराची हवा. वायू नळीतून छपरावर निघून जायचा. हवा तापून पत्र्याच्या बोगद्यांतून खोल्याखोल्यांत जायची आणि जमिनीतल्या जाळ्यांतून वर यायची. या दोघांची कधीही भेट होऊ द्यायची नाही, हेच माझं खरं काम. ऊब देणं त्यानंतरचं.

दुकानात आम्ही तिघी ओळीने उभ्या होतो. एक महागडी, एक मधली आणि शेवटी मी, सगळ्यांत स्वस्त. ऑरिन ट्वेट तिथे बायकोला घेऊन आला. तो गावातल्या शाळेची बस चालवायचा. दुकानदार ड्वेन तेव्हा कोवळा होता आणि महागडीचं गुणगान करताना दमत नव्हता.

"ही आपली ज्योत आपणच कमीजास्त करते," ड्वेन म्हणाला.

"ते मलाही येतं," ऑरिन म्हणाला. "भिंतीवरचं बटण फिरवायचं."

"आणि जरा मोठीच घ्या. घर पटकन तापेल."

"चर्च तापवायचंय का आम्हाला?" ऑरिनची बायको मार्लिस म्हणाली. ड्वेनचे कान लाल झाले.

ऑरिन वेडा नव्हता. त्याने घराच्या खोल्या आणि खिडक्या मापून आणल्या होत्या. गरजेपेक्षा मोठी भट्टी घेतली तर ती भसकन पेटते, लगेच विझते आणि झिजून जाते, हे त्याला ठाऊक होतं. त्याने मला निवडलं, आणि माझ्याबरोबर तितकाच स्वस्त एसी घेतला. एसी घराबाहेर लाइलॅकच्या झुडपापाशी बसला, पण त्याचं थंड नळ्यांचं वेटोळं ठेवलं माझ्या डोक्यावर. उन्हाळ्यात गारवा तो करायचा आणि फुंकायची मी. कौतुक मात्र सगळं त्याचं! असो. एकत्र संसार म्हटला की असं चालायचंच.

मला जिन्यावरून उतरवताना कठड्याचा दणका बसला आणि माझ्या पुढच्या झाकणाची खीळ वाकली. झाकणामागे एक बटण आहे. झाकण जरा जरी निसटलं की मी बंद पडते, तशी सोयच आहे. ऑरिन ते झाकण गुडघ्याने वर रेटून बसवायचा. ती खुबी त्याच्याशिवाय कोणाला जमली नाही.

माझ्याच शेजारी त्याने लाकूडकामाचं टेबल मांडलं होतं. तिथे बसून तो लाकडी बदकं कोरायचा. कॉफीची तल्लफ आली की माझ्या कुशीवर अंगठीने दोनदा ठोकायचा. टक टक. तो आवाज बोगद्यातून थेट स्वयंपाकघराच्या जाळीत जायचा. मग मार्लिस वरून टाचेने दोनदा जमीन वाजवायची, म्हणजे ये, टाकली आहे. दोघं भांडलेली असली तरी ही टकटक चुकायची नाही. भांडण असलं की टाच जोरात वाजायची एवढंच.

दर शरद ऋतूत तो माझी हवेची गाळणी बदलायचा आणि माझ्या अंगावर पेन्सिलीने तारीख लिहायचा. वर्षं गेली. त्यांची मुलगी जनेल शिकून शहरात गेली. माझ्या कुशीवर तारखांची रांग लांबत गेली. मला वाटायचं, आपलं बरं चाललंय.

मग एका ऑगस्टात, भर दुपारी, ऑरिन बैठकीच्या जाळीशेजारी खुर्चीत बसला होता. मी त्याच्या पायांवर गार वारा घालत होते. मार्लिस स्वयंपाकघरातून ओरडली, "ऑरिन, मका सोलून दे रे!" उत्तर आलं नाही. तिने टाच वाजवली. तेव्हाही नाही. मी मात्र वारा घालतच राहिले. मेलेल्या माणसाच्या पायांवर मी किती वेळ वारा घातला, ते आठवलं की आजही माझा पत्रा शहारतो.

त्यानंतर तळघरात कोणी उतरेना. अर्धं कोरलेलं बदक टेबलावर तसंच राहिलं. गाळणी बदलायची असते हे मार्लिसच्या गावीही नव्हतं, ते ऑरिनचं खातं. गाळणीत धूळ साचत गेली आणि माझा श्वास कोंडू लागला. वारा पुरेना, तशी पोलादी पेटी लालबुंद तापायला लागली. तापायची, निवायची, पुन्हा तापायची. एका हिवाळ्यात पेटीला केसाएवढा तडा गेला. ज्यांची भेट होऊ द्यायची नव्हती, ते दोघे भेटले.

आणि त्याच हिवाळ्यात मार्लिसला ऑरिन ऐकू यायला लागला.

मी पेटले की स्वयंपाकघराच्या जाळीतून दोनदा वाजायचं. टक टक. मित्रांनो, पत्रा तापला की फुगतो आणि वाजतो, हे मला चांगलं ठाऊक आहे. पण मार्लिसने हातातली बशी खाली ठेवली. मग तिने टाचेने दोनदा जमीन वाजवली आणि दोन कप कॉफी ओतली.

त्या दिवसापासून रोज दुपारी दोन कप. हळूहळू ती त्याच्याशी बोलायला लागली. "थंडी आहे का रे खाली? स्वेटर घाल." कधी हसायची. एकदा म्हणाली, "असा दारात उभा राहू नकोस, ये ना बस." दारात कोणी नव्हतं. मी तापवलेली, विटाळलेली हवा तेवढी होती.

इथल्या रिवाजाप्रमाणे तिने सगळ्या खिडक्यांना आतून प्लास्टिक लावलं आणि केस वाळवायच्या यंत्राने ताणून घट्ट केलं. ऊब बाहेर जायला नको म्हणून. विषाला बाहेर जायची वाटही त्यानेच बुजली. तिचं डोकं दुखायचं, मळमळायचं. शेजारणीने विचारलं तर म्हणायची, "तशी बरी आहे. आणखी वाईट असू शकलं असतं." या गावात मरायला टेकलेला माणूसही हेच म्हणतो.

भिंतीवर विषारी वायूची चाहूल लागली की किंचाळणारी एक पांढरी डबी होती. ती इमानदार डबी किंचाळली. मार्लिस स्टुलावर चढली. "मेलीची बॅटरी संपलेली दिसतेय," म्हणत तिने बॅटरी काढली आणि खणात टाकली. मी खालून धडधडत होते. मला तोंड असतं तर बोंब ठोकली असती.

नाताळला जनेल आली, आणि घरात पाऊल टाकल्या टाकल्या तिने कपाळ चोळलं.

"आई, घरात कोंदट किती झालंय! आणि ती भट्टी माझ्याएवढी म्हातारी झाली. भट्टी आणि एसी दोन्ही बदलून टाकू. स्वस्तातलं बघू हवं तर."

"चालतेय की ती."

"चालतेय म्हणजे काय? जुनी गाडीही चालते, उतारावरून."

"बाबाने आणलेली आहे ती."

"बाबा असते तर त्यांनीच कधीची बदलली असती!"

"बाबा आहे तर..." मार्लिस बोलून गेली आणि थांबली. मग म्हणाली, "बटाटे गार होताहेत, जेव." जनेल परत जाताना दोघी मायलेकी दारात अर्धा तास उभ्या होत्या, इकडे निरोप असेच घेतात. जनेलने पुन्हा विषय काढला. मार्लिस हळूच म्हणाली, "ती गेली तर तो येणार कुठून?" गाडी सुरू झाली होती. ते जनेलला ऐकू गेलं नाही. मला गेलं.

त्या शब्दांनी माझा जीव तुटला. तिला वाटत होतं मी तिचा नवरा आणून देते. मी तिला त्याच्याकडे पाठवायच्या तयारीत होते.

जानेवारीत हिमवादळ आलं. छपराला झोंबणारा वारा, रस्ते बंद. मी सकाळपासून न थांबता पेटलेली होते. दुपारी मार्लिसने दोन कप ओतले आणि ऑरिनच्या खुर्चीत बसली. काही वेळाने कप खाली पडल्याचा आवाज आला. नंतर तिचा श्वास जाळीतून ऐकू येत होता, लांब लांब, जड. मला थांबायचं होतं. पण भिंतीवरचं बटण ऊब मागत होतं, आणि ते मागतं तोवर थांबणं माझ्या हातात नसतं.

तेव्हा माझ्या कुशीवर दोनदा वाजलं.

पत्रा तापताना वाजतो. मी सकाळपासून तापलेलीच होते. फुगायचं तेवढं फुगून झालं होतं. आणि हा आवाज पत्र्याचा नव्हता, अंगठीचा होता. टक टक. वरून टाच वाजली नाही. पुन्हा टक टक, घाईने. वर शांत. मग पुढच्या झाकणापाशी, खाली, जिथे तो गुडघा लावायचा, तिथे एक दणका बसला. झाकण निसटून जमिनीवर आदळलं. बटण सुटलं, ज्योत विझली, पंखा थांबला.

घर गार पडू लागलं. कडी नीट न बसणारा मागचा दरवाजा वाऱ्याने सताड उघडला आणि बर्फ स्वयंपाकघरात शिरला. त्या गारठ्याने मार्लिस जागी झाली. रांगत रांगत फोनपाशी गेली. बर्फ काढणारी गाडी पुढे आणि तिच्यामागे रुग्णवाहिका, अशी वरात आली. ती वाचली.

मार्लिस बरी होऊन घरी आल्यावर जनेलने ड्वेनला बोलावलं. आता त्याची मिशी पांढरी झाली होती. त्याने माझ्या पोटात दिवा घातला आणि शीळ घातली.

"तडा आहे, बाई. या वायूला ना वास, ना रंग. डोकं जड होतं, भास होतात. नसलेली माणसं दिसतात, आवाज ऐकू येतात."

मार्लिस जिन्याच्या पायरीवर बसली होती. "म्हणजे तो नव्हताच?"

"कोण?"

"कोणी नाही," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "आणि हे झाकण कसं पडलं?"

"खीळ वाकलेली आहे. थरथरून सुटलं असेल. नशीब तुमचं."

थरथरून! मित्रांनो, इतकी वर्षं मी याच झाकणासकट थरथरले. माझी थरथर मला माहीत नसणार?

मग स्वयंपाकघरात निवड झाली. ड्वेनने चित्रांची तीन पानं मांडली. त्याची सवय गेली नव्हती, त्याने महागड्या जोडीपासूनच सुरुवात केली. "ही चालू आहे हे कळणारसुद्धा नाही. आवाज म्हणून नाही."

"मग ती नको," मार्लिस म्हणाली. "आवाज करणारी कुठली?"

ड्वेन गोंधळला. "ही शेवटची, स्वस्तातली. एकदम पेटते, एकदम विझते, बोगदे वाजतात. पण बाई, लोक आवाज नको म्हणून जास्त पैसे मोजतात."

"मला कमी पैशांत आवाज दे. आणि मापं नीट घे, ऑरिन घ्यायचा तशी."

जनेलने आईच्या हातावर हात ठेवला.

नवी भट्टी आली, नवा एसी आला. जुना एसी भंगारवाला घेऊन गेला. मी जड म्हणून बर्फ वितळेपर्यंत इथे गॅरेजमध्ये, मग माझीही तीच वाट. भिंतीपलीकडून मला घर अजून ऐकू येतं. नवी पहिल्यांदा पेटली तेव्हा बोगदे वाजले. एकदाच, बद्द आवाज. मार्लिसने टाच उचलली असावी, पण जमीन वाजली नाही. "हं," ती म्हणाली. "हा नुसता पत्रा." त्या दिवशी तिने एकच कप ओतला. नवरा तिचा दोनदा गेला, मित्रांनो. दुसऱ्यांदा तर रडायलाही कोणी जमलं नाही.

काल ती फावडं न्यायला आली. फावडं हातात घेतलं आणि जाईना. हातमोजा काढला, माझ्या कुशीवरच्या पेन्सिलीच्या तारखांवरून बोट फिरवलं. मग तिने माझ्यावर दोनदा ठोकलं आणि कान लावला.

मी काय करणार? थंड पत्रा. फुगत नाही, वाजत नाही. ती बराच वेळ तशीच उभी होती. तिचा कान गार पडला असेल.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगते. आमच्या गाळण्या वेळेवर बदला. वर्षातून एकदा जाणत्या माणसाला आमच्या पोटात डोकावू द्या. भिंतीवरची डबी किंचाळली तर आधी घराबाहेर पळा, तिची बॅटरी काढू नका. आणि आमच्यावर जीव असला तरी आम्हाला वेळेवर निरोप द्या. आमच्यात कोणी राहत नाही.

ज्या विषाने माणसांना भास होतात, ते श्वासात जावं लागतं. मला फुप्फुसं नाहीत. तरी मी ती अंगठी ऐकली. बर्फ वितळायच्या आत तुमच्यापैकी कोणाला मार्लिस ट्वेट भेटली तर तिला सांगाल? बाकीच्या सगळ्या दुपारी वाजायची ती मीच होते. पण झाकण माझ्या थरथरीने पडलं नाही.