लाल न होणारा दिवा

"झाला, झाला हिरवा!" भिंतीवरचा लाल दिवा हिरवा होताच रुग्णवाहिका पाठवणाऱ्या त्या कचेरीत एकच गलका उडाला. यंत्रखोलीतून घाम टिपत सल्लागार बाहेर आले. सगळे त्यांना स्वामी म्हणत, आणि त्यांनाही ते गोडच लागे.

"यंत्रालाही प्राण असतात, बाळांनो! कोंडलेला श्वास मी मोकळा केला. आता हा दिवा लाल होणे नाही."

आणि खरंच झाला नाही! पूर्वी यंत्रणा बिघडून दिवा लाल झाला की गाडी मागवणाऱ्या लोकांच्या मोबाइलवर कचेरीतल्या फोनवाल्या काकांचा नंबर झळकायचा आणि काका तोंडी गाड्या धाडायचे. पण साहेब मात्र लाल दिसताच दिसेल त्याच्यावर डाफरायचे. मग हिरवा झाला कसा, हे विचारतो कोण? झाकली मूठ सव्वा लाखाची.

अशाच एका दुपारी धाकटीची मावशी घरात कोसळली. धाकटी म्हणजे कचेरीतली सर्वांत लहान प्रोग्रामर. आईमागे तिला मावशीनंच वाढवलं. शेजाऱ्यांनी दार फोडलं तेव्हा मावशी गेली होती. हातातल्या मोबाइलवर अजून अक्षरं फिरत होती, 'गाडी शोधत आहे…'

"दिवा तर हिरवाच होता, बेटा," स्वामी हळहळले. "आयुष्याची दोरीच तेवढी."

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "दोरीच बघू या ना, स्वामी!"

तिनं आधी काकांचा नंबर सगळ्यांच्या मोबाइलवर चालू केला, म्हणजे कुणाचा जीव टांगणीला लागायला नको. मग, सगळ्यांदेखत, मागण्या साठवणाऱ्या यंत्राची दोरी, म्हणजे केबल, उपटली. आता एकही मागणी ड्रायव्हरपर्यंत पोचणं शक्य नव्हतं.

भिंतीवर दिवा हिरवागार.

"अहो, हे काय?" साहेब पुटपुटले. स्वामींना अचानक खोकला आला.

धाकटीनं प्रोग्राम उघडला. "दिवा सेवेला, म्हणजे गाड्या पाठवणाऱ्या या प्रोग्रामला, सारखा विचारतो, 'बरी आहेस ना?' तिनं आत डोकावून उत्तर द्यायचं असतं. स्वामींनी ते डोकावणंच पुसून टाकलंय. एकच ओळ ठेवलीय, कुणीही विचारलं तर म्हण, 'बरी आहे.' हाच तो मोकळा श्वास!"

तिथंच बसून तिनं दोन वेगळे प्रश्न लिहिले. चालू आहेस का? आणि काम करू शकतेस का? दुसऱ्याचं उत्तर मागण्यांच्या साठवणीला आणि ड्रायव्हरच्या मोबाइलला विचारल्याशिवाय द्यायचं नाही. दिवा तिनं त्या दुसऱ्याला जोडला.

केबल अजून उपटलेलीच होती. दिवा लाल झाला.

"लाल कुणी केला?" सवयीनं साहेब ओरडले.

"लालच आहे, साहेब. बिघाड दाखवणं म्हणजे अपशकुन नव्हे. ज्या दिव्याला लाल होताच येत नाही, त्याच्या हिरव्यावर विश्वास ठेवू नका. कुणी 'सगळं ठीक' म्हणालं की विचारा, बघितलंस का? काय बघितलंस?" तिचा आवाज फाटला. "हा त्या दुपारी लाल झाला असता, तर मावशीला काकांचा नंबर दिसला असता हो!"

काकांनी मान खाली घातली. त्या दुपारी ते इथंच बसून होते, फोन हाताशी घेऊन, हिरव्या दिव्याकडे बघत.