चिंगीचा हलका हात

रात्रपाळीच्या माणसाला बाक दिसला की डोळे मिटतात, त्याला इलाज नाही. चिंगीची आई रात्रभर इस्पितळाच्या लाँड्रीत चादरी उपसायची आणि पियानोच्या क्लासबाहेर बसल्या बसल्या पेंगायची. आत पोरगी काय दिवे लावते, हे तिने कधी ऐकलंच नव्हतं. आज बाईंनीच तिला आत बोलावलं.

"ऐका जरा, आणि तुम्हीच सांगा."

चिंगी वाजवायला लागली. बोटं सरसर पळत होती, कुठे अडत नव्हती. पण ऐकू येईल तर शपथ! निम्मे सूर उमटतच नव्हते.

"दाब की गं!" बाई म्हणाल्या. सकाळपासून तेच तेच धडे ऐकून त्यांचेही कान किटले होते. "सूर वाचायला शिकली, ताल शिकली, दोन्ही हात वेगळे चालवायला शिकली. पण पियानोत हातोडी असते, तिला जोर लागतो. माझा घसा कोरडा पडला सांगून. असंच वाजवलं तर पुढच्या वर्गात नाही घेता येणार हिला. घरी कीबोर्डवर सराव करते ना?"

"करते की. रोज," आई म्हणाली आणि तिला एकदम घरची दुपार आठवली.

रोज दुपारी ती पडदा ओढून आडवी व्हायची, तेव्हा कोपऱ्यातून बारीक टकटक यायची. बंद कीबोर्डच्या पट्ट्यांची. हेडफोन कधीच मोडले होते. आईची झोप मोडू नये म्हणून पोरगी कीबोर्ड चालूच करत नव्हती, आणि ती टकटकसुद्धा होऊ नये म्हणून बोटं जपून टेकवत होती. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"बाई, थोडे दिवस द्या हिला," ती म्हणाली. "चूक माझ्या झोपेची आहे."

बाईंना काही उमगलं नाही, पण वाद घालायचं त्राण त्यांच्यातही नव्हतं. "बघू," त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर आईने अंथरूण घातलं. "चिंगे, कीबोर्ड चालू कर. आवाज पूर्ण मोठा."

"आणि तुझी झोप?"

"मला काय धाड भरलीय? मी कुंभकर्णाची सख्खी बहीण. ढोल बडवलास तरी उठायची नाही."

चिंगीने भीतभीत पहिली पट्टी दाबली. मग दुसरी, जरा जोरात. आईचे डोळे खाडकन उघडले. चिंगी वळून बघतेय असं दिसताच तिने ते घट्ट मिटले आणि खोटं खोटं घोरायला लागली.