कमरेचं माप

ताई आणि चिमणी सख्ख्या बहिणी. चिमणी हे नाव वडिलांनी ठेवलेलं, कारण जन्मली तेव्हा ती दोन किलोंचीही नव्हती. पुढे तिने असं काही बाळसं धरलं की नाव ऐकून लोक हसायचे, आणि सगळ्यांत मोठ्याने तीच हसायची. ताईचं शरीरही त्याच वळणाचं. दोघींचे गुडघे दुखायचे, दोघींना साखर होती, दोघींना दुसऱ्या मजल्यावरच धाप लागायची. म्हणून पोट लहान करायचं ऑपरेशनही दोघींनी एकाच डॉक्टरांकडे, एकाच आठवड्यात करून घेतलं. ताईने मंगळवारी, चिमणीने शुक्रवारी.

"तू हो पुढे," चिमणी म्हणाली होती. "तू परत आलीस तर मी जाईन."

दवाखान्यातून सोडताना आहाराच्या बाईंनी दोघींना समोर बसवलं. "आता पोट मुठीएवढं आहे. आधी प्रथिनं, मग बाकीचं. छोटा चमचा घ्या, घास पंचवीसदा चावा. जेवताना पाणी नाही, आधी अर्धा तास नाही, नंतरही अर्धा तास नाही. घरात वजनकाटा ठेवू नका, रोज चढाल नि रोज रडाल. वजन महिन्यातून एकदा, इथे माझ्यासमोर. आणि दुपारचं तरी एकत्र जेवा. एकीने हात आखडला किंवा सैल सोडला, तर ते दुसरीच्याच आधी लक्षात येईल."

ताईचं शिवणकामाचं दुकान होतं. पुढे मशीन आणि कपाट, मागे इस्त्रीचं टेबल. चिमणी पाण्याचे मीटर वाचायची; घरोघरी जायचं, जिने चढायचे, आकडे टिपायचे. बरोबर एक वाजता ती दुकानात यायची. इस्त्रीच्या टेबलावर कागद अंथरून दोघी आपापले डबे उघडायच्या. पहिले काही आठवडे नुसतं सूप, मग घोटलेलं मऊ अन्न, मग उकडलेलं अंडं, दही, माशाचा तुकडा. बाळाच्या चमच्याने जेवायचं आणि बाळाएवढंच जेवायचं. एकीचा घास छातीत अडकला की दुसरी तिची पाठ चोळायची. चिमणी चावताना मोठ्याने मोजायची, मध्येच आकडा चुकायची आणि म्हणायची, "जाऊ दे, हा घास फुकट गेला." ताईला हसू आवरायचं नाही, आणि हसलं की टाके ओढायचे.

ते दिवस खरंच चांगले होते. दोघींचं वजन बरोबरीने उतरत होतं.

तिसऱ्या महिन्यात काट्याने दोघींना वेगळं केलं. चिमणीचं एकूण एकवीस किलो उतरलं, ताईचं अकरा. "ज्याच्या त्याच्या शरीरावर असतं," आहाराच्या बाई म्हणाल्या. "ही दिवसभर जिने चढते, तुम्ही मशीनवर बसता. तुमचंही छान चाललंय." ताईने मान डोलावली. पण घरी जाताना अकरा हा आकडा तिला शिवी दिल्यासारखा वाटत राहिला.

मग ते रोजचंच झालं. चिमणी दुकानात शिरली की गिऱ्हाइकं वळून बघायची. "अगंबाई, ही तुमची बहीण? ओळखलंच नाही!" चिमणीचे गाल आत गेले होते, मान दिसायला लागली होती, आणि त्या मानेवर ताईला ठाऊक नसलेला एक तीळ होता. केस दोघींचे गळत होते, पण चिमणीने आपले कापून घेतले तर ते तिला शोभून दिसले. ताईचा नवराही, बिचारा साधा माणूस, जेवताना बोलून गेला, "चिमणी काय बारीक झालीय ना!" ताईने त्या दिवशी त्याच्याशी पुढचा शब्द काढला नाही.

सगळ्यांवर कडी केली ती पडदे शिवायला टाकलेल्या एका बाईने. चिमणीला आपादमस्तक न्याहाळून ती ताईला म्हणाली, "कमाल आहे हो! मग तुमचं ऑपरेशन कधी?"

चिमणी पटकन म्हणाली, "तिचं माझ्याआधी झालंय." तिने बहिणीची बाजू घ्यायलाच ते म्हटलं. ताईला मात्र जखमेवर मीठ चोळल्यासारखं झालं.

त्याच दुपारी चिमणीने पिशवीतून कामावरच्या वर्दीची पँट काढली. "कमरेतून घसरतेय गं. जिना चढताना एका हाताने धरावी लागते."

ताईने टेप लावला. मागच्या खेपेला छत्तीस होतं, आता चौतीस. पंधरा दिवसांत दोन इंच. ताईच्या स्वतःच्या कमरेत महिन्याभरात अर्ध्या इंचाचाही फरक पडला नव्हता.

"छत्तीस," ताई म्हणाली. "होतं तेवढंच आहे."

"मग घसरते कशी?"

"धुऊन धुऊन कापड सैल पडलंय. अर्धा इंच घेते."

तिने तीन इंच घेतले. हात सवयीने चालत होते. असं का करतेय हे तिने स्वतःला विचारलं नाही. फक्त दोरा तोडताना तिला आत कुठेतरी गार वाटलं, खूप दिवसांनी.

दुसऱ्या दिवशी चिमणी आली ती पोट आत ओढून. "अर्धाच इंच घेतला होतास ना? बटण लागता लागत नाही."

"अर्धाच. थोडं अंगाला लागलं असेल. असं होतं मध्येच, थांबतं वजन."

त्या दिवशी चिमणीने अर्धं अंडं डब्यात परत ठेवलं. मग दही बंद झालं. मग ती दोन चमचे खाऊन "पोट भरलं" म्हणायला लागली आणि खिडकीबाहेर बघत बसायची. पाण्याची बाटलीही सकाळी भरलेली तशीच परत जाताना ताईला दिसायची. मोजणं थांबलं, थट्टा थांबली.

ताईला हे दिसत होतं. बहिणीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसत होती, उठताना तिचं टेबलाला धरणं दिसत होतं. "अगं, खा ना," हे शब्द रोज तिच्या ओठांवर यायचे, आणि रोज ती स्वतःचा घास चावत राहायची. पंधरा दिवसांनी पँट पुन्हा सैल झाली. ताईने पुन्हा खोटा आकडा सांगितला, पुन्हा घट्ट शिवली. एकदा तर तिच्या मनात आलं, आता हिला कळेल कसं वाटतं ते.

त्यानंतर चार दिवसांनी साडेअकराच्या सुमारास फोन वाजला. नाव चिमणीचं, पण आवाज कुणा परक्या पुरुषाचा. "या फोनची बाई आमच्या जिन्यात पडलीय. तुम्हाला ताई म्हणतात का?"

ताई पायातल्या सपाता न बदलता धावली.

दवाखान्यात चिमणीला सलाईन लावलं होतं. कपाळाला दोन टाके, ओठ सुकून फुटलेले. आहाराच्या बाई आल्या, वजनाचा कागद बघितला आणि पलंगाच्या कडेवर बसल्या. "एका महिन्यात चौदा किलो? काय खात होतीस तू?"

"खात नव्हते," चिमणी हळूच म्हणाली. "कंबर हलतच नव्हती. पँट उलट घट्ट व्हायला लागली, म्हणून घाबरले. वाटलं, एवढं ऑपरेशन करूनही मी पुन्हा तशीच होणार."

"कंबर हलत नव्हती? अगं, हाडं वर आलीत तुझी!" बाई ताईकडे वळल्या. "तुम्ही रोज समोर बसता ना? तुमच्या लक्षात नाही आलं?"

नाही म्हणायला एक क्षण पुरला असता. चिमणीनेही तेच गृहीत धरलं होतं, ती म्हणत होती, "तिचा काय दोष, मीच लपवत होते."

"आलं होतं लक्षात," ताई म्हणाली. "पहिल्या दिवसापासून आलं होतं. आणि कंबर हलत होती, चिमणे. मी माप खोटं सांगितलं. पँट मीच घट्ट शिवली."

आहाराच्या बाई उठून बाहेर गेल्या.

"किती?" चिमणीने विचारलं.

"तीन इंच. मग आणखी दोन."

"का?"

"पोटात दुखत होतं माझ्या. तुझं बघवत नव्हतं."

चिमणी छताकडे बघत बोलली. "रोज सकाळी आरशासमोर उभी राहून मी पोटाला चिमटे काढत होते, ताई. स्वतःला नाही नाही ते बोलत होते." मग तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. "जा तू."

तीन आठवडे ती दुकानात आली नाही. पहिले दोन दिवस ताईला चक्क हलकं वाटलं, हे तिने पुढे स्वतःच कबूल केलं. समोर कुणी नाही, कुणाशी बरोबरी नाही. मग जेवणाचं ताळतंत्र सुटलं. ती मशीनवर बसूनच भराभर गिळायला लागली, मध्ये पाणी प्यायला लागली. एकदा घास असा अडकला की मोरीत वाकून अर्धा तास कळा सोसाव्या लागल्या, आणि पाठ चोळायला कुणी नव्हतं.

शेवटी एका रविवारी ती चिमणीच्या दारात जाऊन उभी राहिली. "पँट उसवून देते," एवढंच तिला सुचलं.

"दिली दुसरीकडे," चिमणी म्हणाली. पँट तिने घातलेलीच होती. ताईची नजर आपोआप कमरेच्या पट्टीकडे गेली. शिवण वाकडी होती, आणि त्या अनोळखी शिंप्याचाही तिला हेवा वाटला.

चिमणीने तिला आत ये म्हटलं नाही, दारही लावलं नाही. "मला एकटीला जेवण जात नाही," ती म्हणाली. "भूक अशी लागतच नाही आता. दोन वाजतात, तीन वाजतात, आठवणच राहत नाही. बाई ओरडतात. उद्यापासून येते. पण माप तू घ्यायचं नाहीस. आणि माझ्याशी बोलायचं नाहीस. नुसतं जेवायचं."

"बरं."

तसंच झालं. आठवडाभर इस्त्रीच्या टेबलाच्या दोन टोकांना बसून दोघी मुकाट जेवल्या. ताई तिच्या चमच्यांवर लक्ष ठेवायची, पण तोंड उघडायची नाही. चिमणीचे चमचे दोनाचे चार झाले, चाराचे सहा.

दुसऱ्या आठवड्यात एकदा चिमणीने मान खाली घालूनच विचारलं, "अजून जळतेस?"

ताईच्या तोंडात घास होता. तिने तो नीट चावून गिळला. "हो."

"आजही?"

"आज कमी. सोमवारी फार. तू तो निळा शर्ट खोचून आली होतीस."

चिमणीच्या ओठांचा कोपरा हलला, पण हसली नाही. "मग तोंडाने सांगत जा. ऐकून घेईन मी. आवडणार नाही, पण ऐकून घेईन."

पुढच्या महिन्यात काट्याने ताईचे चार किलो उतरलेले दाखवले आणि चिमणीचे दोन. ताईला आधी आनंद झाला, मग त्या आनंदाची लाज वाटली. परतताना रस्त्यात तिने दोन्ही गोष्टी चिमणीला सांगितल्या. चिमणी "हं" म्हणाली आणि चार पावलं पुढे चालत राहिली. मग कोपऱ्यावर थांबून मागे वळली.

"चल लवकर. एक वाजत आलाय."

दुकानात डबे उघडले. चिमणीने आज टेबलाचं टोक सोडून स्टूल जवळ ओढलं होतं. अर्ध्या अंड्यावर तिचा चमचा थांबला.

"ते संपव," ताई म्हणाली.

चिमणीने तिच्याकडे एकदा रोखून पाहिलं, आणि चमचा उचलला.