राणीचं बाळ

कोंडाजी मास्तरांनी हात वर केला आणि कॅमेरा फिरू लागला. मागे स्टुलावर बसलेल्या कुसाबाईंनी कान टवकारले.

मास्तरांना ऐकू येत नव्हतं. विषमज्वरात त्यांचे दोन्ही कान गेले, हे नाशकात फक्त त्यांच्या बायकोला, कुसाबाईंना ठाऊक होतं. उमेदीची सगळी वर्षं नाटकं बसवलेला, मूकपटांत नाव काढलेला माणूस; बोलपट आले आणि नेमकं ऐकणंच गेलं. ओठ वाचून ते वेळ मारून नेत. एखादं वाक्य चुकलं की कुसाबाई मागून त्यांचा कोट ओढत, आणि मास्तर ओरडत, "पुन्हा!"

आज मैना राणी झाली होती. मेलेल्या पोराचा पाळणा हलवत ती म्हणाली, "माझं बाळ कुठं शे?"

'आहे' म्हणायचं होतं. पण मैना सटाण्याची, तिकडच्या बोलीत 'आहे'ला 'शे' म्हणतात; आणि कुसाबाईंचं माहेरही तिकडलंच. त्यांचं पहिलं मूल गेलं तेव्हा आईच्या अंगणात त्यांनी अगदी हेच, असंच विचारलं होतं. त्यांचा हात कोटापर्यंत गेलाच नाही. आवाजाचं यंत्र सांभाळणाऱ्या बंगाली बाबूला मराठी कळत नव्हतं, आणि मास्तरांना चूक दाखवायची बाकी कुणाची छाती नव्हती. दृश्य तसंच राहिलं.

पहिल्या खेळाला थिएटर गच्च भरलं. नवराबायको शेवटच्या रांगेत बसली होती. मैनाचं ते वाक्य आलं आणि पुढून कुणीतरी ओरडलं, "राणीसाहेब, सटाण्याच्या का?"

हशा पिकला. मग राणी जे जे बोलेल त्यावर लोक हसू लागले.

मास्तर पडद्याच्या उजेडात लोकांकडे पाहत होते. वाकलेली डोकी, गदगदणारे खांदे, डोळे पुसणारे हात.

"कुसा, सगळं थिएटर रडतंय!" ते हळूच म्हणाले.

कुसाबाई पडद्याकडे बघत राहिल्या.

खेळ सुटल्यावर बाहेर यादवशेठ टांग्यात चढत होते. चित्रपटात पैसा त्यांचा होता. मागे न वळताच ते म्हणाले, "मास्तर, ह्यापुढे माझ्या दारात येऊ नका."

"काय म्हणाले?"

"दमला असाल, म्हणाले. थोडे दिवस घरी बसा."

"बसू की!"

गोदेच्या काठाने घराकडे चालताना मास्तर रंगात आले होते.

"एक सांगू? तिनं 'शे' म्हटलं, ते मी ओठांवर पाहिलं होतं."

कुसाबाई जागच्या जागी थांबल्या.

"'पुन्हा' म्हणणारच होतो. वळून पाहिलं, तर तुझ्या डोळ्यांना धार लागलेली. म्हटलं, हे आता बदलायचं नाही. जे तुला रडवतं, ते सगळ्यांना रडवणार."

ते पुढे निघाले. कुसाबाई दोन पावलं मागेच राहिल्या.

"लोक हसत होते हो," त्या त्यांच्या पाठीला म्हणाल्या.

मास्तर पुढच्या चित्रपटाबद्दल बोलत चालत राहिले.